पन्नाशीची निवृत्ती : तुमचा दिवस कुणाच्या नावावर?

पुरुष निवृत्त झाला की सगळे म्हणतात, "आता जरा आराम करा." बाई निवृत्त झाली की म्हणतात, "बरं झालं, आता तू घरीच असतेस!" बोलणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं. पण तेवढ्या एका वाक्यासरशी तिचा मोकळा झालेला दिवस घरादारात वाटला जातो. नणंदेच्या मुलीचं बाळंतपण, सासूबाईंचा डॉक्टर, शेजारणीचा गॅस सिलिंडर, सगळं तिच्याच वाट्याला!

वेळेआधी निवृत्त झालेल्या अशा बायका आपल्या वसई-विरारमध्ये भेटतात. ऑक्टोबर २०१९ मध्ये केंद्र सरकारने बीएसएनएल आणि एमटीएनएल या टेलिफोन कंपन्यांसाठी स्वेच्छानिवृत्ती योजना मंजूर केली. पन्नाशी पूर्ण केलेल्यांना ती खुली होती. झालेल्या नोकरीच्या दर वर्षामागे ३५ दिवसांचा आणि उरलेल्या दर वर्षामागे २५ दिवसांचा पगार, असा ढोबळ हिशेब. विचाराला मुदत ४ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर, म्हणजे जेमतेम महिना. ३१ जानेवारी २०२० या एकाच दिवशी ९२ हजारांहून अधिक कर्मचारी घरी बसले. दोन महिने होतात न होतात तोच टाळेबंदी आली. भेटीगाठीही थांबल्या.

त्या पिढीतल्या बायकांनी 'करिअर निवडलं' असं म्हणणं धाडसाचंच. मुलगी बारावी झाली, टायपिंगची परीक्षा दिली, एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजमधून बोलावणं आलं. वडील म्हणाले, "सरकारी आहे, पेन्शन आहे, स्थळंही चांगली येतील." झाली निवड! गाणं शिकायचं होतं की शिक्षिका व्हायचं होतं, हे विचारलंच कुणी नाही.

मग सुरू झाली विरार लोकल. ५ मे १९९२ रोजी चर्चगेट-बोरिवली लेडीज स्पेशल सुरू झाली आणि १९९३ मध्ये ती विरारपर्यंत आली. त्या गाडीत भाजी निवडली गेली, भिशी लागली, हळदीकुंकवं झाली. जरा हिशेब करून पाहा. जाऊन-येऊन रोजचे ३ तास, वर्षाचे २५० दिवस आणि ३० वर्षं नोकरी. साडेबावीस हजार तास होतात, म्हणजे अखंड अडीच वर्षांहून जास्त काळ नुसता गाडीत!

म्हणून काय नोकरी वाया गेली? मुळीच नाही. त्याच पगारातून घराचे हप्ते फिटले, मुलं शिकली. हातात स्वतःचा पैसा असला की घरात शब्दाला वजन येतं, हे आपण सगळ्याच जाणतो. पण पहिली निवड जर दुसऱ्यांनी केली असेल, तर पन्नाशीनंतरची ही वर्षं तरी आपण निवडायला नकोत का?

त्यासाठी काही गोष्टी राजीनाम्याच्या कागदावर सही करण्याआधीच ठरवाव्यात.

पहिली गोष्ट, वेळ. दिवसाचे दोन तास तुमचे, तेही शक्यतो घराबाहेर. वाचनालय, गाण्याचा क्लास, काहीही चालेल. हे घरात आधीच सांगून ठेवा. एकदा सवयी पडल्या की मोडणं कठीण, बरं का!

दुसरी गोष्ट, पैसा. ५५ ते ६० या वयात स्वेच्छानिवृत्ती घेतलेल्यांना पोस्टातली किंवा बँकेतली ज्येष्ठ नागरिक बचत योजना साठीआधीही घेता येते. मात्र निवृत्तीची रक्कम हाती आल्यापासून ३ महिन्यांच्या आत, आणि ३० लाखांच्या मर्यादेत. व्याज दर तीन महिन्यांनी मिळतं. जोडखातं फक्त पतीबरोबर काढता येतं. पण पहिलं नाव तुमचंच ठेवा. फ्लॅटच्या दुरुस्तीला किंवा मुलाच्या धंद्याला सगळी पुंजी एकदम देऊन टाकू नका.

तिसरी गोष्ट, शिक्षण. नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ पासून घरबसल्या शिकण्याची सोय करतं. राहिलेली पदवी पन्नाशीतही घेता येते. शिकवण्याची आवड असेल तर चार मुलांची शिकवणी घ्या. मी स्वतः अर्धवेळ शिकवते, म्हणून सांगते. ठरलेल्या वेळी कुणीतरी आपली वाट पाहतंय, ही जाणीवच माणसाला ताजंतवानं ठेवते. फी मात्र जरूर घ्या. फुकटच्या कामाची घरातसुद्धा किंमत राहत नाही!

आणि गाडीतल्या मैत्रिणी सोडू नका. महिन्यातून एकदा वसईच्या किल्ल्यात, नाहीतर सुरूच्या बागेत जमा. डबा प्रत्येकीने आपापला आणावा, म्हणजे एकीवरच स्वयंपाकाचा भार नको.

तुमच्या निवृत्तीला अजून पाच-दहा वर्षं असतील. तरीही आज रात्री ओटा आवरून झाला की एक कागद घ्या. वडिलांनी, नवऱ्याने, मुलांनी नव्हे, तर तुम्ही स्वतः काय निवडलं असतं, ते त्यावर लिहा. आणि कागद जपून ठेवा. तो लागणार आहे.