कोंबडीच्या खाद्यात हळद-लसूण

औषध आजारी जनावराला द्यायचे, ही आपली रीत. ब्रॉयलरच्या धंद्यात मात्र उलटे झाले. प्रतिजैविकाची चिमूटभर मात्रा रोज खाद्यातून दिली, तर निरोगी पिलेही लवकर वजन धरतात, असे १९५० च्या सुमारास अमेरिकेत आढळले. ती चाल जगभर पसरली, आपल्याकडेही आली.

पण थोड्या मात्रेने सगळे जंतू मरत नाहीत. मागे उरतात ते औषधाला न जुमानणारे. विष्ठेतून, खतातून, हातापायांना लागून ते घरात येतात. शेडमध्ये रोज वावरते ती घरचीच माणसे. उद्या घरातल्या पोराला तसल्या जंतूने गाठले, तर डॉक्टरचे औषध लागू पडेलच असे नाही. म्हणून स्वीडनने १९८६ मध्ये आणि युरोपीय संघाने २००६ पासून वाढीसाठी प्रतिजैविके देणे बंद केले. माणसांसाठी शेवटचा उपाय म्हणून राखलेले कोलिस्टिन जनावरांना व कोंबड्यांना देण्यास भारत सरकारनेही २०१९ मध्ये बंदी घातली.

मग त्याऐवजी काय द्यावे? लसणातील अ‍ॅलिसिन आणि ओव्यातील थायमॉल जंतूंना आवर घालतात. हळदीचाही आतड्याला उपयोग होतो. चाचण्यांत किलोभर खाद्याला ५ ग्रॅमच्या आसपास हळदपूड वापरलेली दिसते. १०० पक्षी सहा आठवड्यांत सुमारे ३५० किलो खाद्य खातात. म्हणजे पावणेदोन किलो हळद झाली. ती घरची किंवा खात्रीची असावी, रंग मिसळलेली नको. मात्र गुण सगळीकडे सारखा येत नाही, हेही सांगितले पाहिजे.

खरी मेख आहे ती गादीत. भाताचे तूस ओले झाले, अमोनियाने डोळे चुरचुरू लागले, की कितीही लसूण घाला, हगवण येणारच. तूस रोज हलवावे, गळकी भांडी दुरुस्त करावीत, दाटी करू नये, लस वेळेवर टोचावी वा पाजावी.

रोग आलाच तर हळदीवर विसंबून राहू नका. पशुवैद्यकाला दाखवून औषध पुरते द्या आणि त्यांनी सांगितलेले दिवस उलटल्याशिवाय पक्षी विकू नका. कंपनीच्या करारावर पक्षी पाळणाऱ्यांनी परस्पर खाद्यात काही मिसळू नये. पोत्यात प्रतिजैविक आहे का, एवढे मात्र पर्यवेक्षकाला जरूर विचारावे.