चिमट्यात सापडणारी चरबी

"काकू, हात सैल सोडा. ताठ धरू नका."

चिपळूण तालुक्यातल्या एका वाडीत, शाळेच्या वर्गात तपासणी चालली आहे. आरोग्यसेविका खांद्याच्या हाडापासून कोपरापर्यंत टेप धरते आणि दंडाच्या मागच्या बाजूला बरोबर मध्यावर पेनाने ठिपका काढते. तिथली कातडी स्नायूपासून सोडवून दोन बोटांत उचलायची, कॅलिपर लावायचा, दोनेक सेकंद थांबून आकडा वाचायचा. घाई केली तर आकडा जास्त येतो, रेंगाळलं तर चरबी दबते आणि कमी येतो. दुसरी मुलगी आकडा मोठ्याने उच्चारून लिहून घेते. मग पुन्हा तेच, आणि नंतर पाठीवर खवाट्याखाली.

"माझ्या अंगावर चरबी कुठली गो बाय?" काकू हसतात. प्रश्न रास्त आहे. उभा जन्म भातलावणीत आणि घाटी चढण्यात गेलेला, वजन जेमतेम ४५ किलो. तरी त्यांना शुगर आहे.

या कोड्यामागे पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक अनेक वर्षं लागले आहेत. २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये त्यांनी ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांच्याबरोबर स्वतःचा फोटो छापला. दोघांचा बीएमआय एकच, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. वजनकाट्याची इतकी गमतीदार फजिती दुसऱ्या कुणी केल्याचं मला आठवत नाही.

त्याआधी, १९९३ पासून, पुण्याजवळच्या सहा गावांत त्यांनी गरोदर बायांचा अभ्यास सुरू केला होता. गर्भ नेमका कधी राहिला हे कळावं म्हणून कार्यकर्त्या दर महिन्याला दारोदार जाऊन पाळीच्या तारखा नोंदवत. तिथली बाळं सरासरी २.७ किलोची भरली, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची ३.५ किलोची. पण या किडकिडीत बाळांच्या पाठीवरची चरबी त्या मानाने फारशी कमी नव्हती. स्नायू कमी, चरबी राखलेली. पुढे आईच्या रक्तातलं बी-१२ आणि फोलेट तपासलं. बी-१२ कमी आणि फोलेट जास्त असलेल्या आयांची मुलं सहाव्या वर्षी इन्सुलिनला सर्वांत कमी दाद देणारी निघाली.

कोकणात हा धागा डेरवणच्या वालावलकर रुग्णालयाने उचलला. डॉ. सुवर्णा पाटील आणि सहकाऱ्यांनी रत्नागिरी जिल्ह्यातल्या १६ ते १८ वर्षांच्या ग्रामीण मुलींचा अभ्यासगट उभारला. आजाराच्या इतकं आधी जाऊन पोचायचं, हा त्यातला विचार मला पटतो. फक्त एक धास्ती वाटते. पुढच्या पिढीच्या मधुमेहाचं ओझंही या पोरींच्याच डोक्यावर जायचं. त्यांनी नीट जेवावं ते आधी स्वतःसाठी. उद्याच्या बाळाचा हिशेब नंतर.

मधुमेहाच्या तपासणीत सर्वांत नाजूक काम रक्ताचं. उपाशीपोटी एक नमुना, मग ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून प्यायचं, दोन तासांनी दुसरा. नळीत घेतल्यावरही रक्तपेशी साखर खातच राहतात. साध्या तापमानाला दर तासाला पाच ते सात टक्के साखर घटते. म्हणून नळी बर्फात ठेवायची आणि लवकरात लवकर सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून पेशी वेगळ्या करायच्या. वाडीपासून प्रयोगशाळेपर्यंतचा वळणांचा रस्ता, पावसाळा, गेलेली वीज, सगळ्यांचा परिणाम शेवटी त्या आकड्यावर होतो. छापील तक्त्यात यातलं काही दिसत नाही.

आणि अशा अभ्यासाचं उत्तर मिळायला वीस वर्षं लागतात. तोवर मुली लग्न होऊन विरार, पनवेल, कुठे कुठे जातात. नाव बदलतं, मोबाइल नंबर बदलतो. मग त्यांचा पत्ता काढायचा तो माहेरच्या शेजारणीकडून, नाहीतर गणपतीत. तेव्हा चाकरमान्यांबरोबर माहेरवाशिणीही येतात, आणि तेवढ्या दिवसांत वजनं, टेप, कॅलिपर, रक्त सगळं उरकावं लागतं. मोदकांच्या दिवसांत कुणाला उपाशीपोटी यायला सांगणं किती अवघड, ते या सेविकांनाच विचारा.