वॉर्डात जुलाबाची साथ येते तेव्हा

एकाच वॉर्डात दोन दिवसांत चार-पाच रुग्णांना अचानक उलट्या-जुलाब सुरू झाले, तर पहिला संशय जेवणावर आणि पाण्यावर जातो. त्यांची तपासणी करायलाच हवी. पण अशी साथ अनेकदा हातांवरून, संडासाच्या कडीवरून आणि खाटेच्या दांडीवरूनही पसरते.

अशा साथींमागे बऱ्याचदा नोरोव्हायरस असतो. अमेरिकेतील नॉरवॉक गावातल्या शाळेत १९६८ मध्ये आलेल्या साथीच्या नमुन्यांत तो १९७२ मध्ये प्रथम दिसला. गावावरूनच त्याचे नाव पडले. शंभराहून कमी कणही संसर्गाला पुरतात आणि १२ ते ४८ तासांत त्रास सुरू होतो. धडधाकट माणूस दोन-तीन दिवसांत सावरतो. वृद्ध, तान्ही बाळे, केमोथेरपी घेणारे रुग्ण यांच्या मात्र शरीरातले पाणी कमी होऊन ते जिवावर बेतू शकते.

कोविडपासून आपला सारा भरवसा सॅनिटायझरच्या बाटलीवर आहे. करोना विषाणूभोवती चरबीचे आवरण असते आणि अल्कोहोल ते मोडते. नोरोव्हायरसला असे आवरणच नाही, त्यामुळे सॅनिटायझर त्याच्यावर नीट चालत नाही. साबण लावून वाहत्या पाण्याखाली २० सेकंद हात चोळून धुतले की तो निघून जातो.

फरशी, कड्या, नळ यांनाही फिनेल पुरत नाही, क्लोरीन लागते. आधी घाण पुसून घ्यावी. मग एक लिटर पाण्यात ५ टक्क्यांचे सोडियम हायपोक्लोराइट २० मिली घालून, ते पृष्ठभागावर दहा मिनिटे राहू द्यावे. त्यात अॅसिड कधीही मिसळू नये, विषारी वायू तयार होतो. आजारी रुग्णांना एकत्र, पण इतरांपासून वेगळे ठेवावे. त्यांचा संडासही वेगळा असावा.

सर्वांत अवघड नियम ४८ तासांचा आहे. जुलाब-उलट्या थांबल्यावरही ४८ तास कर्मचाऱ्याने कामावर येऊ नये, असा हा नियम. पण कंत्राटी सफाई कामगाराचा आणि जेवण वाढणाऱ्याचा खाडा पडला की रोज बुडतो. मग तो त्रास लपवून कामावर येतो. म्हणून आजारपणाची भरपगारी रजा हा साथ रोखण्याचाच उपाय मानायला हवा. त्या दोन दिवसांच्या पगारापेक्षा बंद पडलेला वॉर्ड कितीतरी महाग पडतो.

हाच नियम नातेवाइकांनाही लागू आहे. पोट बिघडले असेल तर भेटायला जाऊ नका, डबा दुसऱ्या कुणाला तरी करू द्या. रुग्णाला भरवण्याआधी आणि संडासातून आल्यावर साबणाने हात धुवा. वॉर्डात साबण नसेल तर सिस्टरकडे जरूर मागा. त्यात संकोच कसला? तो तुमचा हक्क आहे.