मेंदूवरील शस्त्रक्रियेनंतर लघवी व झोपेच्या तक्रारी : रुग्ण व कुटुंबीयांसाठी माहिती

मेंदूवरील शस्त्रक्रियेनंतर रुग्ण घरी परततो, तेव्हा सर्वांचे लक्ष टाक्यांकडे, गोळ्यांकडे आणि पुढील तपासणीच्या तारखेकडे असते. प्रत्यक्षात कुटुंबाची कसोटी रात्री लागते. रुग्ण चार-पाच वेळा लघवीसाठी उठतो, परत येईपर्यंत झोप उडालेली असते, आणि सकाळी रुग्ण व सोबत जागलेली व्यक्ती असे दोघेही थकलेले असतात. ही तक्रार डॉक्टरांना सांगण्यास अनेकांना संकोच वाटतो. आपण तो बाळगू नये. या त्रासाची कारणे बहुधा शोधता येतात आणि त्यांवर उपायही करता येतात.

लघवीवरील ताबा

योग्य जागा व वेळ मिळेपर्यंत लघवी रोखून धरण्याचे नियंत्रण मुख्यत्वे कपाळामागील मेंदूच्या भागाकडे असते. त्या भागात गाठ, सूज अथवा शस्त्रक्रिया झाली असल्यास लघवीची घाई अचानक होते व कधी कपडे ओले होतात. हा रुग्णाचा हट्ट किंवा निष्काळजीपणा नव्हे. त्यावरून त्यास रागावू नये. दर दोन ते तीन तासांनी, घाई होण्याची वाट न पाहता, रुग्णास शौचालयात नेल्यास बराच फरक पडतो. रुग्णालयात घातलेली लघवीची नळी काढल्यानंतर काही काळ जळजळ होऊ शकते. मात्र जळजळ टिकून राहिल्यास, ताप आल्यास किंवा लघवीस दुर्गंधी येऊ लागल्यास संसर्गाची तपासणी करून घ्यावी. बद्धकोष्ठतेमुळेही मूत्राशयावर दाब येतो. वेदनाशामक औषधांनी ती वाढत असल्यास डॉक्टरांना सांगावे. शौचास जोर लावू नये.

रात्री उठावे लागू नये म्हणून काही कुटुंबे रुग्णाचे पाणीच तोडतात. असे करू नये. डॉक्टरांनी पाण्याचे प्रमाण ठरवून दिले असेल तर तेच पाळावे. अन्यथा दिवसभरात पुरेसे पाणी द्यावे आणि निजण्यापूर्वीच्या दोन-तीन तासांत ते कमी करावे. सायंकाळचा चहा व कॉफी मात्र खुशाल बंद करावी. त्यांनी लघवीही वाढते आणि झोपही लांबते.

एकाच औषधाचे दोन परिणाम

मेंदूची सूज उतरविण्यासाठी दिले जाणारे डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड झोप उडवते. तेच रक्तातील साखर वाढवू शकते, आणि साखर वाढली की लघवीचे प्रमाण व तहान वाढते. म्हणून दोन्ही तक्रारी एकत्र आल्यास रक्तशर्करा तपासून घ्यावी. पूर्वी मधुमेह नसला तरीही. दिवसातील शेवटची मात्रा दुपारीच घेता येईल काय, हे डॉक्टरांना विचारावे. झोप येत नाही म्हणून ही गोळी स्वतःहून कधीही बंद करू नये. ती एकाएकी थांबविणे धोक्याचे ठरू शकते.

झोपेची गोळी, तसेच सर्दी किंवा ॲलर्जीवरील गुंगी आणणारी गोळी, औषध दुकानातून परस्पर आणू नये. अशा औषधांनी गोंधळलेपणा येऊ शकतो, काहींमुळे लघवी अडूही शकते, आणि रुग्णाची स्थिती बिघडत आहे की केवळ गुंगी आहे, हे कळेनासे होते. त्याऐवजी सकाळी रुग्णास उजेडात बसवावे. दुपारची झोप अर्ध्या तासाहून फार लांबू देऊ नये. फिट येण्याचा धोका असलेल्या रुग्णाच्या बाबतीत पुरेशी झोप ही चैन नव्हे, कारण जागरणाने फिट येऊ शकते.

रात्रीची व्यवस्था

अंथरुणापासून शौचालयापर्यंत मंद दिवा ठेवावा, वाटेतील पायपुसणी व वायरी काढाव्यात, जमीन कोरडी ठेवावी. रुग्णास एकट्याने अंधारात उठू देऊ नये. शस्त्रक्रियेनंतर डोक्यावर पडणे गंभीर ठरते. लघवीचे भांडे खाटेजवळ ठेवण्यात कोणताही कमीपणा नाही.

एक साधी वही ठेवावी. किती पाणी प्यायले, मापाच्या भांड्यात किती लघवी झाली, किती वाजता झोप मोडली, एवढे तीन दिवस लिहिले तरी डॉक्टरांचे काम सोपे होते.

पियुषिका ग्रंथीजवळ शस्त्रक्रिया झाली असल्यास ही वही अधिकच महत्त्वाची आहे. पाण्यासारखी स्वच्छ लघवी वारंवार व भरपूर होत असेल, चोवीस तासांत तीन लिटरच्या पुढे जात असेल आणि तहान शमत नसेल, तर त्याच दिवशी रुग्णालयाशी संपर्क साधावा. घरी परतल्यावर काही दिवसांनी डोकेदुखी, मळमळ व सुस्ती वाढू लागल्यास रक्तातील सोडियम उतरलेले असू शकते; तेव्हाही थांबू नये.

रुग्ण हाक मारूनही नीट जागा होत नसेल, असंबद्ध बोलत असेल, वारंवार उलटी होत असेल, फिट आली असेल, किंवा पोट फुगून दुखत असताना सहा ते आठ तास लघवी झाली नसेल, तर सकाळची वाट न पाहता 108 किंवा 112 या क्रमांकावर मदत मागावी. निघताना शस्त्रक्रियेची कागदपत्रे, चालू औषधे आणि ती वही सोबत घ्यावी.