नीरेकाठचे अकलूज : ऊसमळ्यापासून द्राक्षमळ्यापर्यंत

शुभवर्तमानातील दाखल्यांमुळे ‘द्राक्षमळा’ हा शब्द आपणा सर्वांच्या परिचयाचा आहे. परंतु खास वाइनसाठी लावलेले द्राक्षमळे आपल्या सोलापूर जिल्ह्यातही आहेत, हे पुष्कळांना ठाऊक नसते. माळशिरस तालुक्यातील अकलूजच्या परिसरात ते पाहावयास मिळतात.

अकलूज हे नीरा नदीच्या काठी वसलेले जुने गाव होय. तेथे नदीकाठी किल्ला आहे. १६८९ साली छत्रपती संभाजी महाराज पकडले गेल्याची वार्ता औरंगजेबास मिळाली, तेव्हा त्याची छावणी अकलूजलाच होती.

नदी जवळ असूनही तालुक्यातील बरीचशी शेती कोरडवाहू होती. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात भाटघर धरण व नीरा उजवा कालवा यांमुळे हे चित्र पालटले. कालव्याच्या पाण्यावर ऊस करण्यासाठी सासवड भागातील माळी समाजाचे शेतकरी येथे आले. गुळाच्या पडत्या भावावर विसंबून न राहता त्यांनी १९३२ साली स्वतः भांडवल उभारून सासवड माळी शुगर फॅक्टरी स्थापन केली. तिच्याभोवती माळीनगर वसले. पुढे शंकरराव मोहिते-पाटील यांच्या पुढाकाराने अकलूजला सहकारी साखर कारखाना उभा राहिला.

वाइनचा अध्याय २००७ साली सुरू झाला. इटलीचे सेच्ची, दिल्लीचे सेखरी आणि अकलूजचे मोहिते-पाटील या तीन घरांतील भावांनी मिळून ‘फ्रातेली’ ही कंपनी काढली. इटालियन भाषेत या शब्दाचा अर्थच ‘भाऊ’ असा आहे. टस्कनीचे जाणकार पिएरो मासी यांच्या मार्गदर्शनाखाली मोटेवाडी व आसपासच्या माळरानावर वेली लावण्यात आल्या.

वाइनची द्राक्षे आकाराने लहान, जाड सालीची व बियांची असतात. युरोपात कडक थंडीत वेल विश्रांती घेते. आपल्या हवामानात ती घेत नाही. म्हणून येथे वर्षातून दोनदा छाटणी करावी लागते : एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी व पावसाळ्यानंतर फळछाटणी. उन्हाळा तापण्यापूर्वी तोडणी उरकते.

ठिबकवर वाढणाऱ्या द्राक्षवेलीला उसाहून पुष्कळ कमी पाणी लागते. अवर्षणग्रस्त जिल्ह्यात ही गोष्ट लहान नव्हे. परंतु वाइनची द्राक्षे फळबाजारात खपत नाहीत. कंपनीने घेतली नाहीत, तर शेतकऱ्यापुढे दुसरा मार्ग उरत नाही. पिकविणाऱ्याच्या हाती भाव कसा राहावा, या प्रश्नाला माळीनगरने १९३२ साली आपल्यापुरते उत्तर शोधले होते. द्राक्षवेलीच्या बाबतीत ते अद्याप शोधावयाचे आहे.