स्काउटचा स्कार्फ गळ्यात घालण्यापूर्वी

जून महिन्यात शाळा उघडल्या आणि लोंढ्यात पावसाची झड बसली की माझ्या दवाखान्यात तापाच्या रुग्णांबरोबर आणखी एक वर्ग येऊ लागतो. हातात छापील कागद असलेले पालक. ''डॉक्टर, पोराला स्काउटात घालायलोय, तेवढी सही करून द्या.'' मुलगा सुदृढ आहे, एवढेच मी लिहावे अशी त्यांची अपेक्षा असते. सहीला अर्धे मिनिट लागते. परंतु त्या सहीपूर्वी पालकांनी जे सांगावयास हवे आणि जे विचारावयास हवे, त्याला अर्धा तास लागेल. तो अर्धा तास वाचविणे किती महाग पडू शकते हे मी एकदा पाहिले आहे. म्हणूनच या स्मरणिकेच्या निमित्ताने हा विषय मांडीत आहे.

प्रथम या चळवळीविषयी थोडेसे. 1907 च्या ऑगस्टमध्ये बेडन-पॉवेल यांनी इंग्लंडमधील ब्राउनसी बेटावर वीसेक मुलांचे शिबिर घेतले, तेथून स्काउटिंगचा आरंभ मानला जातो. 1909 साली ते भारतात आले, पण सुरुवातीस त्यात हिंदी मुलांना प्रवेश नव्हता. तेव्हा 1916 मध्ये डॉ. ॲनी बेझंट यांनी आणि पुढे पंडित मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू व श्रीराम बाजपेयी यांनी भारतीय मुलांसाठी स्वतंत्र संघटना उभ्या केल्या. स्वातंत्र्यानंतर विविध संघटना एकत्र येऊन 7 नोव्हेंबर 1950 रोजी 'भारत स्काउट्स आणि गाइड्स' ही संस्था जन्माला आली. दहा वर्षांखालील मुलगे 'कब' व मुली 'बुलबुल', त्यापुढे सतरा-अठरा वर्षांपर्यंत 'स्काउट' व 'गाइड' आणि नंतर पंचवीस वर्षांपर्यंत 'रोव्हर' व 'रेंजर' अशी साधारण रचना आहे. आपले गाव रेल्वेचे. भारतीय रेल्वेतही या संस्थेच्या शाखा आहेत आणि रेल्वेभरतीत स्काउट-गाइडसाठी राखीव जागा असतात. त्यामुळे काही पालकांचे लक्ष मुलाच्या पहिल्या गाठीपेक्षा राष्ट्रपती पुरस्काराच्या प्रमाणपत्राकडेच अधिक लागलेले असते.

आपल्या व्यवसायाचे या कार्याशी जुने नाते आहे. धारवाडचे डॉ. ना. सु. हर्डीकर यांनी 1923 साली युवकांच्या शिस्तबद्ध सेवेसाठी हिंदुस्थानी सेवा दलाची पायाभरणी केली आणि 1924 च्या बेळगाव काँग्रेसमध्ये स्वयंसेवकांचे नेतृत्व केले. शिस्त आणि आरोग्य ही एकाच कामाची दोन अंगे होत, हे एका डॉक्टराने आपल्याच भागात दाखवून दिले होते.

आता तो प्रसंग. काही वर्षांपूर्वी आमच्या परिसरात नदीकाठी एक शिबिर भरले होते आणि रोज सकाळी तेथे जाऊन मुलांना पाहण्याचे काम मी स्वीकारले होते. तिसऱ्या दिवशी मी पोहोचलो तेव्हा तेरा-चौदा वर्षांचा एक मुलगा तंबूत ग्लानीत पडला होता. पहाटे भांडी घासताना त्याला फिट आली होती आणि तो तोंडावर उथळ पाण्यात पडला होता. सोबतच्या दोघांनी त्याला ओढून बाहेर काढले. कोणी कांदा हुंगवायला धावले, कोणी चप्पल नाकाशी धरली. त्यांच्या संघनायकाने, म्हणजे सहा-आठ मुलांच्या तुकडीच्या प्रमुखाने, सर्वांना दूर केले, मुलाला कुशीवर वळवले, तोंडात काहीही घातले नाही आणि आपल्या स्कार्फची घडी त्याच्या डोक्याखाली ठेवली. तो संघनायकही अवघा पंधरा वर्षांचा होता.

मुलगा बचावला. चौकशी करता कळले की दोन वर्षांपासून त्याला फिट्सच्या गोळ्या चालू होत्या. ''कळले तर नेणार नाहीत, शाळेत नाव होईल,'' या भीतीने घरच्यांनी आजार लपविला होता. गोळ्या पिशवीत पाठविल्या होत्या, पण इतरांदेखत त्या घेण्याची मुलाला लाज वाटली. दोन दिवस गोळी चुकली, दोन रात्री शेकोटीमुळे झोप अपुरी झाली. फिट येण्यास ही दोन कारणे पुरेशी असतात. त्याच्या कागदावर सुदृढ असल्याचा दाखला होता आणि त्याखाली सही माझी होती. मी विचारले नव्हते, त्यांनी सांगितले नव्हते. शिक्षक मला एवढेच म्हणाले, ''डॉक्टरसाहेब, मला सांगितले असते तरी मी त्याला आणलाच असता. फक्त पाण्याजवळ एकट्याला जाऊ दिले नसते आणि गोळी माझ्या हाताने दिली असती.''

हे वाक्य मी कधी विसरलो नाही. मुलाला वगळण्यासाठी शिक्षकांना माहिती हवी नसते, त्याला सांभाळण्यासाठी हवी असते. फिट्स, दमा, मधुमेह, हृदयाचा दोष, औषधाची वा अन्नाची ॲलर्जी, झोपेत चालणे, अंथरूण ओले होणे यांपैकी काहीही असल्यास ते लेखी व शांतपणे शिक्षकांना सांगावे. औषध, त्याची मात्रा व वेळ कागदावर लिहून औषध त्यांच्याच हाती द्यावे. दम्याचा पंप मात्र मुलाच्या खिशातच असावा. अंथरूण ओले होण्यास मुले मरणाहून अधिक भितात. शिक्षकांनी रात्री एकदा गुपचूप उठविले तर लाजेचा प्रसंगच येत नाही. दहाव्या व सोळाव्या वर्षीची धनुर्वाताची लस झाली आहे ना, हेही पाहून घ्यावे.

आपल्या भागातील शिबिराला दोन धोके विशेष आहेत. पहिला सापाचा. शिबिरे बहुधा जमिनीवर सतरंजी अंथरून होतात आणि मण्यार रात्रीच, झोपलेल्या माणसाला चावते. तिच्या दंशाची खूण किंवा वेदना पुष्कळदा जाणवतही नाही. पहाटे मूल पोटदुखीने उठले, पापण्या जड झाल्या, गिळता येईना, तर अपचन समजून वेळ दवडू नये. नीट खोचलेली मच्छरदाणी येथे मोठे रक्षण करते. पूर्वी प्रथमोपचारात दंशावर आवळपट्टी बांधणे, चिरणे, रक्त चोखणे शिकवीत. हे सर्व आता चुकीचे व घातक ठरले आहे. मोडलेल्या हाडाप्रमाणे तो अवयव स्थिर ठेवावा आणि प्रतिसर्पविष असलेल्या रुग्णालयात तत्काळ न्यावे. ते रुग्णालय कोणते, हे शिबिरापूर्वी ठरलेले हवे. लोंढ्याहून बेळगाव सुमारे पन्नास किलोमीटर आहे. संकटाच्या वेळी चौकशीत गेलेला अर्धा तास परत मिळत नाही.

दुसरा धोका गोचिडांचा. 1957 साली शिमोगा जिल्ह्यातील क्यासनूरच्या जंगलात प्रथम ओळखला गेलेला माकडताप 2015 मध्ये गोव्याच्या सत्तरी भागात आणि 2016 मध्ये सिंधुदुर्गातील दोडामार्गात आढळला, म्हणजे आपल्या चहूबाजूंच्या रानांत. त्याचा हंगाम साधारण डिसेंबर ते मे आणि आपल्या शिबिरांचाही तोच. मुलांनी पूर्ण बाह्यांचे कपडे घालावेत, पालापाचोळ्यावर बसू नये, सायंकाळी अंग तपासावे आणि मेलेले माकड दिसल्यास जवळ न जाता कळवावे. परतल्यावर आठ-दहा दिवसांत जोराचा ताप, डोकेदुखी व अंगदुखी झाल्यास ''मूल जंगलात गेले होते'' हे वाक्य डॉक्टरांना सर्वांआधी सांगावे.

शेवटचा प्रश्न विचारण्यास अवघड, पण सर्वांत आवश्यक: मुले कोणाच्या हाती सोपवीत आहोत? 2024 च्या ऑगस्टमध्ये तामिळनाडूतील कृष्णगिरी जिल्ह्यात एन.सी.सी.चे नाव खोटेपणाने वापरून एका शाळेत शिबिर भरविण्यात आले आणि तेथे मुलींवर लैंगिक अत्याचार झाल्याचे उघड झाले. अमेरिकेतील बॉय स्काउट्स संस्थेला 2020 साली दिवाळखोरीचा अर्ज करावा लागला आणि त्या प्रक्रियेत ऐंशी हजारांहून अधिक जणांनी बालपणीच्या अत्याचारांबद्दल तिच्याविरुद्ध दावे केले. गणवेशाने माणूस आपोआप विश्वासार्ह होत नाही. म्हणून पालकांनी संकोच न करता विचारावे: पथकाची नोंदणी आहे का? शिक्षकांचे प्रशिक्षण झाले आहे का? मुलींच्या शिबिरात गाइड शिक्षिका मुक्कामी असतील का? एकटे मूल आणि एकटा प्रौढ असा बंद तंबूत वा खोलीत प्रसंग येणार नाही ना? मुलांना घरी फोन करू देतात का? चांगला शिक्षक या प्रश्नांनी रागावत नाही. जो रागावतो, त्याच्याकडे मूल पाठविण्याची घाई करू नये. घरीही मुलाला सांगून ठेवावे की कोणतेही 'गुपित' आईवडिलांपासून लपविण्याची कोणालाही सक्ती करता येत नाही. 2012 च्या पॉक्सो कायद्यानुसार अशा अत्याचाराची माहिती पोलिसांना देणे बंधनकारक आहे, हे आपण डॉक्टरांनीही विसरू नये.

एवढे सर्व वाचून कोणी मुलाला घरीच ठेवील, तर माझा हेतू फसला असे मी समजेन. मराठी, कन्नड व कोकणी बोलणारी आपली मुले एका चुलीवर भात शिजवितात, करपलेला वाटून खातात, आणि पंधरा वर्षांचा पोर मोठ्यांची घाबरगुंडी उडावी अशा क्षणी शांत राहतो, हे शिक्षण वर्गात बसून मिळत नाही. नदीकाठचा तो मुलगाही पुढच्या वर्षी पुन्हा शिबिरास गेला. या वेळी त्याच्या वडिलांनी आजाराचा कागद स्वतः शिक्षकांच्या हाती दिला.

तेव्हापासून मी सहीपूर्वी पालकांना खुर्चीवर बसवितो आणि मुलालाही थोडा वेळ एकट्याने बोलू देतो. दवाखान्याबाहेर रांग वाढते, लोक कुरकुरतात. परंतु आपल्या संघटनेतील प्रत्येक सभासदाने हा अर्धा तास द्यावा, एवढीच माझी विनंती आहे.