बुडालेल्याला आधी श्वास द्या



पाऊस लागला की गुंजी, लोंढा, खानापूर भागातले ओढे भरून वाहतात, मलप्रभा चढते. तरी आपले लोक जाळं, गळ घेऊन काठावर जातातच. कुठं कुणी बुडालं की हाक आपल्यालाच येते, कारण होडी आपली आणि पोहणारेही आपलेच. एप्रिल २०१७ मध्ये मालवणच्या वायरी किनाऱ्यावर बेळगावचे ८ जण बुडून गेले, ते इकडं कुणी विसरलेलं नाही.

माणूस वर काढला. पुढं काय?

बऱ्याच ठिकाणी त्याला पालथं घालून पोट दाबतात. लहान पोर असेल तर डोक्यावर घेऊन गरगर फिरवतात. पाणी बाहेर आलं की बघणाऱ्याला बरं वाटतं. पण ते पाणी बहुतेक पोटातलं असतं. पोट दाबलं तर उलटी होऊन तीच फुफ्फुसात जाऊ शकते, आणि मोलाची मिनिटं जातात. श्वास थांबल्यावर ४-५ मिनिटांतच मेंदूला इजा व्हायला लागते. तेवढ्यात १०८ ची गाडी आपल्या काठावर पोचते का, तुम्हीच सांगा.

आता मोबाईलवर सीपीआरचे व्हिडिओ सगळ्यांनी बघितलेत. त्यात नुसती छाती दाबायला सांगतात. अचानक हार्ट अटॅक येऊन पडलेल्याला ते चालतं, कारण त्याच्या रक्तात थोडा वेळ प्राणवायू शिल्लक असतो. बुडालेल्याचं तसं नाही. त्याचं हृदय थांबतं तेच हवा न मिळाल्यानं. नुसती छाती दाबली तर प्राणवायू संपलेलं रक्तच फिरत राहतं. म्हणून इथं सुरुवात श्वासानं.

एकानं १०८ ला फोन लावावा. दुसऱ्यानं माणसाला कडक, सपाट जागी उताणं झोपवावं. १० सेकंदांत बघा, श्वास चालतोय का. मधेच एखादा आचका देतो, त्याला श्वास धरू नका. कपाळ मागं, हनुवटी वर. नाक चिमटीत धरा, तोंडावर तोंड घट्ट लावा आणि साधारण १ सेकंद फुंका. छाती वर आली की पुरे. जोरात फुंकलं तर हवा पोटात जाते आणि उलटी होते. कुठं असे पहिले ५ श्वास शिकवतात, कुठं २. मग छातीच्या मध्यावर ३० दाब, मोठ्या माणसाला ५ ते ६ सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२०. परत २ श्वास, परत ३० दाब. थांबायचं नाही. तोंडाला फेस आला तर तो पुसत बसू नका. उलटी झाली तर कुशीवर वळवा, तोंड साफ करा, पुढं चालू. श्वास द्यायला अगदीच जमत नसेल, तर निदान दाब तरी द्या.

हे काही नवं खूळ नाही. कालव्यांच्या ॲम्स्टरडॅम शहरात १७६७ साली बुडालेल्यांना वाचवायला संस्था निघाली, ती तेव्हाच तोंडानं श्वास द्यायला सांगत होती. (मागच्या वाटेनं तंबाखूचा धूर सोडायलाही सांगत होती, ते मात्र पुढं बंद पडलं!)

आणि शुद्धीवर येऊन बोलायला लागला तरी त्याला दवाखान्यात न्याच. नंतर काही तासांनीही श्वासाचा त्रास वाढू शकतो.

वाचून हात बसत नाही. पाऊस लागायच्या आधी सोसायटीच्या बैठकीत बाहुलीवर सराव ठेवतोय. होडीमालकांनी गड्यांना घेऊन यावं, आणि घरातल्या बायकांनीही यावं. काठावर कपडे धुताना पोरं पाण्यात उतरतात, तेव्हा जवळ त्याच असतात.